सायकल वाटून झाली, आता कामाचं बोलू

काही वर्षांपूर्वी १४ एप्रिलला आम्ही गोवंडीत मंच घालून चार तीनचाकी सायकली वाटल्या. बॅनर होता, निळे झेंडे होते, देणगी देणाऱ्याचं नाव सायकलच्या पाठीवर पांढऱ्या रंगात लिहिलेलं होतं. फोटो निघाले, आम्ही ते सगळीकडे टाकले आणि 'सामाजिक कार्य' झालं म्हणून समाधानाने घरी गेलो. चारपैकी एक सायकल ज्याला दिली तो माणूस शिवाजीनगरच्या आत, जेमतेम तीन फुटांच्या गल्लीत राहतो. गल्लीच्या मधोमध गटार आणि त्यावर हलणाऱ्या लाद्या. सायकल त्याच्या दारापर्यंत गेलीच नाही. ती सात महिने विहाराच्या जाळीला साखळी लावून उभी होती. पुढे तिची चाकं बसली आणि शेवटी त्याने ती भंगारात विकली.

आम्ही त्याला जाब विचारायला गेलो. होय, जाबच विचारायला! तो शांतपणे म्हणाला, "भाऊ, मी सायकल मागितली होती का? मला काम पाहिजे होतं, बसून करण्यासारखं. तुम्ही विचारलंच नाही."

हा लेख त्या वाक्यामुळे लिहितो आहोत. आम्ही स्वतःला आंबेडकरवादी म्हणवतो. भीक नको, हक्क हवा, हे आम्ही शाळकरी वयापासून घोषणांमध्ये ओरडत आलो. पण आपल्याच वस्तीतला अपंग किंवा आजारी माणूस समोर आला की आमच्यातला कार्यकर्ता गायब होतो आणि दानशूर शेठ बाहेर येतो. सायकल, ब्लँकेट, शिधा, फोटो. पगाराबद्दल कुणी बोलत नाही.

आधी शब्दाचंच बोलू. २०१५ च्या डिसेंबरमध्ये पंतप्रधानांनी 'मन की बात'मधून 'दिव्यांग' हा शब्द सुचवला आणि बघता बघता तो सरकारी कागदावर, रेल्वेच्या डब्यावर, आमच्या बॅनरवरही आला. शब्द गोड आहे. 'हरिजन' हाही गोडच होता. १९३८ मध्ये मुंबई विधिमंडळात तो शब्द कायद्यात घालायला निघाले तेव्हा बाबासाहेब आणि स्वतंत्र मजूर पक्षाचे सदस्य सभागृहाबाहेर पडले होते. ज्याला हक्क द्यायचा नसतो त्याला देवाशी जोडून द्यायची ही जुनी रीत आहे. कुणाला स्वतःला 'दिव्यांग' म्हणवून घ्यायचं असेल तर तो त्याचा अधिकार. आम्ही इथे वस्तीत लोक स्वतःसाठी वापरतात तोच 'अपंग' हा शब्द वापरतो आहोत.

आता गोवंडी. २००९ च्या मुंबई मानव विकास अहवालात शहरातले सगळे वॉर्ड मोजले, त्यात आमचा एम-पूर्व सर्वांत तळाला होता. १९२७ पासून मुंबई आपला कचरा देवनारला टाकते आहे. कत्तलखाना इथेच आहे, रुग्णालयांचा कचरा जाळणारी भट्टीही इथेच आणली. शहरात रस्ते आणि पूल झाले, त्यासाठी ज्यांची घरं पाडली त्यांना इथल्याच पुनर्वसनाच्या इमारतींमध्ये आणून कोंबलं. दोन इमारतींमध्ये इतकं कमी अंतर की खालच्या मजल्यावर दुपारी बारालाही दिवा लावावा लागतो. अशा हवेत टीबी फोफावतो हे सांगायला डॉक्टर लागत नाही. टीबी जात-धर्म विचारत नाही म्हणतात. पत्ता मात्र विचारतो, आणि तो पत्ता कुणाच्या वाट्याला का आला हे आपल्याला ठाऊक आहे. २०११ च्या जनगणनेत देशाच्या लोकसंख्येत अपंगांचं प्रमाण २.२१ टक्के निघालं, अनुसूचित जातींमध्ये ते २.४५ टक्के होतं. हा फरक मागच्या जन्मीच्या पापातून आलेला नाही. तो कामातून, घरातून आणि पाण्यातून आला आहे.

इथलं अपंगत्व बरेचदा जन्माचं नसतंच. कचऱ्यात सुई टोचते, कटिंग मशीनमध्ये बोट जातं, परातीवरून पडून कंबर मोडते, टीबीनं फुप्फुस जातं. आणि कधी औषधानंही शरीर जातं.

आमच्या ओळखीच्या एका ताईंचं तसं झालं. त्यांचं कुटुंब मराठवाड्यातलं, वडील दुष्काळात मुंबईला आले ते परत गेलेच नाहीत. ताई गारमेंटच्या गाळ्यात शिलाई मशीनवर बसायच्या, ओव्हरलॉकही यायचं. २०१६ मध्ये त्यांना औषधांना दाद न देणारा टीबी झाला. तेव्हाच्या उपचारात कानामायसिनचं इंजेक्शन असायचं, सहा-सात महिने जवळजवळ रोज. टीबी बरा झाला, पण कान गेले. मुंबईचीच पत्रकार नंदिता व्यंकटेशन हिची श्रवणशक्ती याच औषधानं गेली. तिने पुढे दक्षिण आफ्रिकेतल्या फुमेझा तिसिलेबरोबर बेडाक्विलिन या नव्या औषधाची मक्तेदारी वाढवायला विरोध केला आणि मार्च २०२३ मध्ये भारताच्या पेटंट कार्यालयाने कंपनीचा अर्ज फेटाळला. ही लढाई आपल्या तरुणांनी माहीत करून घ्यावी. जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ मध्ये ही सुई वापरू नका असं सांगितलं. पण त्याआधी ज्यांनी शेकडो सुया घेतल्या त्यांचं काय, याचं उत्तर कोणत्याच पत्रकात नव्हतं.

ताईंचे कान पूर्ण गेले नव्हते, आणि तिथेच सगळा घोळ झाला. या औषधानं आधी बारीक, उंच आवाज जातात. 'स', 'श', 'त', 'क' नीट कळत नाहीत. समोरचा बोलतोय हे कळतं, काय बोलतोय ते कळत नाही. २०१६ च्या अपंग हक्क कायद्यात दोन्ही कानांचं नुकसान ६० डेसिबलच्या पुढे गेलं तर माणूस 'कमी ऐकू येणारा' आणि ७० ला 'बहिरा' ठरतो. ताईंच्या दाखल्यावर चाळीसपेक्षा कमी टक्के आले. चाळीसच्या आत म्हणजे सवलत नाही, आरक्षण नाही, पेन्शन नाही. तीन फेऱ्या, तीन खाडे, हातात एक कागद, आणि त्या कागदानुसार त्या अपंग नव्हत्या. गाळ्यात मात्र त्यांना 'बहिरी' म्हणून काढलं होतं.

कायद्याच्या यादीत २१ प्रकार आहेत. १९९५ च्या कायद्यापेक्षा यादी पुष्कळ मोठी झाली, सिकलसेल आला, थॅलेसेमिया आला, ॲसिड हल्ल्यातले लोक आले, हे चांगलंच आहे. पण टीबीनं अर्धं खाल्लेलं फुप्फुस त्या यादीत नाही. दोन जिने चढल्यावर ज्याला भिंत धरावी लागते, ज्याला गोणी उचलता येत नाही, तो गोवंडीचा तिशीतला पोरगा कायद्याच्या लेखी धडधाकट आहे. आणि ठेकेदाराच्या लेखी बाद.

इथे आमचे काही मित्र म्हणतील, मग आरक्षणाची लढाई लढा. लढूच. सरकारी नोकरीत चार टक्के समांतर आरक्षण आहे, ते भरलं जात नाही, त्यासाठी माहिती अधिकारात अर्ज टाकत राहिलं पाहिजे. पण शिपाई, सफाई, पहारेकरी ही पदं ठेक्यावर गेली, आणि शून्याचे चार टक्के शून्यच. ज्याच्या घरी उद्याचा गॅस नाही त्याला आम्ही न्यायालयाच्या तारखा सांगत बसू शकत नाही.

पेन्शनचं बोललं तर आणखी एक गंमत आहे. संजय गांधी निराधार योजनेत अपंगांची रक्कम अलीकडे दीड हजारावरून अडीच हजार झाली, बरं झालं. पण त्यासाठी कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न ५०,००० च्या आत दाखवावं लागतं. महिन्याला चार हजार एकशे काही रुपये. म्हणजे अपंग माणसानं किंवा त्याच्या बायकोनं जरा नियमित काम धरलं की पेन्शन धोक्यात. अपंगाला कामावर जायला खर्च जास्त लागतो, रिक्षा लागते, सोबत लागते. त्यामुळे पेन्शन ही कामाला जोड हवी, इथे तर ती काम न करण्याची अट होऊन बसली आहे. काम मिळवून द्यायला गेलो तर लोक आम्हालाच विचारतात, "पेन्शन बंद झाली तर तुम्ही देणार का?" प्रश्न बरोबर आहे. आमच्याकडे उत्तर नाही.

सायकलच्या प्रकरणानंतर आम्ही विहारात बैठक घेतली. वाटप नव्हतं, तरी तेवीस जण आले. आम्ही एकच विचारलं, कोणतं काम येतं आणि ते करायला काय अडतं? उत्तरं ऐकून आम्हाला आमचीच लाज वाटली. एकाला मोबाईल दुरुस्ती येत होती, पण दुकान पोटमाळ्यावर आणि शिडी उभी. एका बाईंना पॅकिंग जमत होतं, पण गाळ्यात बायकांचं संडास नाही आणि मधुमेहामुळे त्यांना दर तासाला जावं लागतं. फिट येणाऱ्या मुलाला मालकानं 'जबाबदारी नको' म्हणून काढलं होतं, जबाबदारी म्हणजे काय हे मालकालाही सांगता आलं नव्हतं. तेवीसपैकी एकालाही कुबडी किंवा ब्लँकेट नको होतं. कुणाला स्टूल हवं होतं, कुणाला तळमजला, कुणाला संडास, कुणाला दोन तास उशिरा येण्याची परवानगी.

त्याच बैठकीत आम्ही विचारलं, चुनाभट्टीचं सरकारी केंद्र कुणाला माहीत आहे? अपंगांना काय काम जमेल ते तपासून शिकवणारं आणि नोकरीशी जोडणारं केंद्र १९६८ पासून तिथे आहे. वि. ना. पुरव मार्गावर. हाच रस्ता पुढे देवनारहून जातो, ज्यावर टाटा समाजविज्ञान संस्था आहे आणि जिथून आमच्यावर प्रबंध लिहायला मुलं येतात! हार्बरनं गेलं तर गोवंडीहून चौथं स्टेशन. तेवीसपैकी एकाला माहीत होतं, तेही चुलत भावाकडून. आम्हा कार्यकर्त्यांपैकी किती जणांना माहीत होतं ते इथे लिहीत नाही.

रोजगार विनिमय केंद्रं या देशात उभी राहिली ती दुसऱ्या महायुद्धाच्या शेवटी, सैन्यातून परतणाऱ्यांना कामाला लावण्यासाठी, आणि तेव्हा मजूर खातं बाबासाहेबांकडे होतं. कामगार विम्याचा आराखडा करणारा अडारकर अहवाल १९४४ चा, तोही त्यांच्याच काळातला. त्यातून १९४८ चा ईएसआय कायदा आला. संविधानाच्या ४१ व्या कलमात कामाचा हक्क आणि आजारपण, अपंगत्व यांत सरकारी मदतीचा हक्क एकाच वाक्यात आहेत. बाबासाहेबांचं हे मजूरमंत्रीपण आपण जयंतीच्या भाषणात एका ओळीत उरकतो.

त्या ईएसआयचा एक अनुभव. आमच्या वस्तीतला एक जण एका मोठ्या इमारतीत हाऊसकीपिंगला होता, ठेकेदाराकडे, पगार बारा हजार. टीबी झाल्यावर ठेकेदाराच्या माणसानं त्याला सांगितलं, 'राजीनामा लिहून दे, बरा झालास की ये.' त्यानं कागद लिहून खिशात ठेवला आणि द्यायच्या आदल्या रात्री सहज आम्हाला दाखवला. आम्ही पगाराची चिठ्ठी मागितली. दर महिन्याला ९० रुपये ईएसआयचे कापले जात होते, चार वर्षं! त्याला वाटत होतं तो कसलातरी टॅक्स आहे. आजारपणात पहिले ९१ दिवस पगाराच्या ७० टक्के, आणि सलग दोन वर्षं नोकरी झालेली असेल तर टीबीसारख्या लांबणाऱ्या आजारात ८० टक्के दरानं पुढे दोन वर्षांपर्यंत पैसे मिळू शकतात. हा लाभ घेत असताना मालकाला काढता येत नाही. राजीनामा मात्र स्वतःच्या हातानं दिला तर कोण काय करणार? तो कागद आम्ही त्याच्यासमोर फाडला नाही, त्याच्याकडूनच फाडून घेतला. पैसे मिळायला चार महिने आणि पुष्कळ हेलपाटे लागले, पण मिळाले. पुढे तो त्याच साइटवर परत गेला, फक्त मशीननं फरशी घासायचं काम बदलून घेतलं. गोवंडीत आमच्या हातून झालेलं हे सर्वांत मोठं पुनर्वसन असेल, आणि त्यात कुणालाही नवं काम द्यावं लागलं नाही. असलेलं जाऊ दिलं नाही, एवढंच.

ताईंचं काम इतकं सोपं नव्हतं. त्यांना घेऊन आम्ही सहा गाळे फिरलो. दोन ठिकाणी 'गोवंडीत नेमकं कुठे राहता' याच्या पुढे बोलणं गेलं नाही. सातव्या ठिकाणी मालक बरा होता, चहा दिला. पण म्हणाला, "भाऊ, यांना ऐकू येत नाही, मशीनवर काही झालं तर?" आत बारा मशीन चालू होती, वर पंखे घरघरत होते, कोपऱ्यात गाणी लावलेली होती. आमच्यातला एक जण ओरडून म्हणाला, "शेठ, मशीन चालू असताना तुमच्या इथे कुणाला ऐकू येतं?" मालकाला हे तीनदा सांगावं लागलं. तिसऱ्यांदा तो हसला.

आठ दिवस बघू असं ठरलं. सुपरवायझर काय बदल सांगतो ते ताईंना कळायचं नाही, म्हणून पहिल्याच दिवशी दोनशे नग उलटे शिवले गेले. आम्हाला वाटलं संपलं. ताईंनीच मार्ग काढला. प्रत्येक नव्या मालाचा एक शिवलेला नमुना मशीनच्या वर टाचून ठेवायचा, आणि बदल असेल तर त्यावर खडूनं खूण. आठवड्याभरात शेजारच्या दोघी, ज्यांना व्यवस्थित ऐकू येतं, त्यांनीही नमुना टाचायला सुरुवात केली.

मग पैशाचं आलं. इतरांना ज्या नगाला जो भाव होता त्यात ताईंना दीड रुपया कमी. मालकाचं म्हणणं, 'मी घेतलं हेच खूप.' इथे आमच्यातच भांडण झालं. काही जण म्हणाले, ताणू नका, हातचं काम जाईल. काही म्हणाले, शिलाई तीच, धागा तोच, मग भाव का वेगळा? याच वाक्यासाठी आपल्या आजोबांनी वेगळ्या मापाची मजुरी घ्यायला नकार दिला होता. शेवटी आम्ही गप्प बसलो आणि ताईंना विचारलं. त्या म्हणाल्या, "मी उद्यापासून दीड रुपयाचं काम कमी करते. काज-बटणाला माल देताना धागे तोडणार नाही." दोन दिवसांत भाव सारखा झाला.

कुणी विचारेल, अशा एका बाईमागे सहा कार्यकर्त्यांनी महिनाभर फिरायचं, याला चळवळ म्हणायचं का? मोर्चाला यापेक्षा कमी वेळ लागतो, हे खरं. पण बाबासाहेबांचंच बघा. मधुमेह होता, पायांच्या वेदना होत्या, शेवटी चालायला आधार लागायचा, नजर मंदावली होती. तरी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' लिहून झाला, कारण टंकलेखनाला नानकचंद रत्तू होते, औषधपाण्याला माईसाहेब होत्या. त्यांच्या बुद्धीची बरोबरी कुणी करू नये, पण त्यांच्या शरीराला जी सोय लागली तशी सोय शिवाजीनगरच्या शिलाई कामगाराला मागितली तर ती चैन कशी होते? एक स्टूल, एक खडू आणि समजून घेणारा शेजारी.

तेव्हा आमची सूचना एवढीच, की येत्या जयंतीला देणगीचं पत्रक छापण्याआधी आपल्या विहाराच्या वहीत दोन रकाने करा. काय काम येतं, काय अडतं. टक्केवारीचा रकाना सध्या ठेवूच नका. दाखला लागेल तेव्हा काढू, युडीआयडी कार्डही काढू, पण दाखल्यापाशी थांबू नका. प्रत्येक वस्तीत दोन मुलं अशी तयार करा ज्यांना पगाराची चिठ्ठी वाचता येते आणि मालकासमोर बसून आवाज न चढवता बोलता येतं. आम्हाला अजून दुसरं नीट जमत नाही.

जो सायकल विकून मोकळा झाला, त्याला आम्ही अजून काम देऊ शकलेलो नाही. जरीच्या दोन कारखान्यांत बोललो, बसून करायचंच काम आहे, पण मांडी घालून खड्ड्यावर, आणि त्याचा गुडघा वाकत नाही. आता चुनाभट्टीला नाव नोंदवलं आहे. तो दर रविवारी विहारात येतो आणि काही न विचारता समोर बसतो.

ताईंनी गेल्या दिवाळीनंतर तो गाळा सोडला. दुसरीकडे नगामागे दोन रुपये जास्त मिळत होते. आम्हाला कळवलंही नाही. आम्हाला कळलं ते जुन्या मालकाच्या फोनवरून. आम्हाला जरा लागलं, खोटं कशाला सांगा. मालकाची तक्रार ऐकायच्या तयारीनं आम्ही फोन धरून बसलो होतो. तो म्हणाला, "ती बाई गेली, हात चांगला होता. तुमच्याकडे आणखी कोणी आहे का?"

वहीत एक नाव आहे. पंचवीस वर्षांचा मुलगा, इस्त्री येते, फुप्फुस एका बाजूचं निकामी. गाळा पहिल्या मजल्यावर आहे. इस्त्रीचं टेबल खाली आणता येईल का, हे बोलायला आम्ही सोमवारी जातो आहोत.